तलावाचा गाळ आणि देयकाची फाईल

आमच्याकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, तलावाचा गाळ काढायला वर्षाकाठी जेमतेम दोन महिने मिळतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत तलावाच्या पोटात ओल असते, पोकलेन रुतते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की ट्रॉली पाळीवरून, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावरून, खाली उतरत नाही. जे काही करायचं ते या मधल्या काळात. 2024 च्या उन्हाळ्यात आम्ही ते केलं. गाळ निघाला, बांध्यांत, म्हणजे धानाच्या बांधबंदिस्त शेतांत, पसरला, रोवणा झाला, धान कापणीला आला, आणि कामाचं देयक तेव्हाही टेबलावरच होतं. त्या देयकाचं काय झालं आणि पुढच्या हंगामाआधी कागद कमी करून घेण्यासाठी आम्ही काय खटपट केली, ते इथे लिहिते आहे. अनुदानावर चालणाऱ्या लहान संस्था, ग्रामपंचायती आणि गावातले मशीनवाले हे सगळे याच चक्रातून जातात, त्यांच्या कामी येईल म्हणून जरा तपशिलात लिहिते.

मी एका लहान संस्थेत हिशेब आणि अहवाल बघते. संस्थेचं काम माजी मालगुजारी तलावांवर आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी आणि गोंड राजांच्या काळातल्या लोकांनी ते बांधले, पुढे मालगुजारांकडे, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांकडे, गेले, आणि मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. पाळ अजून भक्कम आहे, सलंग आहे, पण पोट गाळाने भरलंय. पाणी दिवाळीपर्यंतही पुरत नाही. त्यामुळे ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आमच्यासाठी फार मोलाची. 2017 मध्ये ती सुरू झाली तेव्हा शेतकऱ्याला गाळ स्वतःच्या खर्चाने न्यावा लागायचा. जानेवारी 2023 च्या शासन निर्णयाने मशीन आणि इंधनासाठी घनमीटरमागे 31 रुपये ठरवले, आणि लहान शेतकऱ्याला गाळ वाहून नेऊन पसरवायला घनमीटरमागे 35 रुपये 75 पैसे. एकरी 15 हजार, अडीच एकरांपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त 37,500. विधवा, अपंग आणि आत्महत्याग्रस्त कुटुंबातल्या शेतकऱ्यांनाही हे अनुदान मिळतं. वाळू काढायला सक्त मनाई.

योजना चांगली आहे, हे आधीच सांगते. माझी तक्रार योजनेबद्दल नाही.

पहिल्या हंगामात आमच्या वाट्याला एक तलाव आला. ग्रामसभेचा ठराव झाला. मच्छीमार संस्थेचं ना-हरकत पत्र घेतलं, कारण तलाव त्यांच्याकडे ठेक्याने असतो आणि डोहात राहिलेल्या पाण्यावर त्यांचं बीज जगतं. ते पत्र ढीवर समाजाच्या मंडळींनी चावडीसमोर बसून, कुठल्या बाजूने खणायचं आणि कुठला डोह ठेवायचा हे ठरवून दिलं. तो कागद मला आजही सगळ्यात खरा वाटतो. त्यात लिहिलेली प्रत्येक गोष्ट जागेवर जाऊन बघता येते. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली. आमचा कार्यारंभ आदेश त्याच्या आधी निघाला होता म्हणून काम वाचलं. 19 एप्रिलला आमच्या भागातलं मतदान आटोपलं आणि त्याच आठवड्यात पोकलेन तलावात उतरली.

मशीन गावाजवळच्याच एका भाऊची. बँकेच्या कर्जावर घेतलेली, हप्ता दर महिन्याला. डिझेल पंपावर उधारीने मिळतं, पण पेरणीच्या तोंडावर पंपवाल्यालाही पैसे हवे असतात. जवळपास बारा हजार घनमीटर गाळ निघाला. 31 रुपयांनी त्याचे 3,72,000 होतात. शहरातल्या कंत्राटदाराला ही रक्कम लहान वाटेल, आमच्या भाऊला नाही. ती वेळेवर मिळाली नाही तर मशीन ओढून नेतात. लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावेत, असं 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा म्हणतो. भाऊकडे उद्यम नोंदणीही आहे. पण आम्हाला पैसे मिळाल्याशिवाय आम्ही त्याला कुठून देणार, आणि आमचे पैसे फाईल पूर्ण झाल्याशिवाय निघणार कसे?

आता फाईल म्हणजे काय ते सांगते.

काम चालू असताना रोजचा आकडा व्हॉट्सॲपवर कळवायचा. तोच आकडा योजनेच्या मोबाइल ॲपवर अक्षांश-रेखांशाच्या फोटोसह भरायचा. तोच आठवड्याच्या एक्सेल तक्त्यात तालुक्याला, आणि तोच पंधरवड्याच्या वेगळ्या प्रपत्रात जिल्ह्याला. या दोन तक्त्यांचे रकाने वेगळे, एकात ब्रास, दुसऱ्यात घनमीटर. एकात शेतकऱ्यांची संख्या, दुसऱ्यात लाभार्थी कुटुंबांची. तलावावर मोबाइलला रेंज नाही. तिथला कार्यकर्ता संध्याकाळी पाळीच्या टोकाला, पिंपळाच्या खाली जाऊन फोटो चढवायचा. काम संपल्यावर मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीची प्रत, ट्रॉल्यांची नोंदवही, डिझेलच्या पावत्या, मशीनच्या तासांची लॉगशीट, शेतकऱ्यांची यादी, प्रत्येकाचा सातबारा, आठ-अ, आधार आणि पासबुकाची साक्षांकित प्रत, प्रत्येकाचं ‘गाळ शेतातच टाकला, विकला नाही’ असं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा काम झाल्याचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र, सनदी लेखापालाचा दाखला, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो छापील. हे सगळं तीन प्रतीत.

डिझेलच्या पावत्या आणि लॉगशीट कशासाठी, हे मला आजही कळलेलं नाही. पैसे घनमीटरवर मिळतात. मशीन किती तास चालली आणि तिने किती डिझेल पिलं याने देयकात एका पैशाचाही फरक पडत नाही. 2017 च्या पद्धतीत सरकार फक्त इंधनाचा खर्च द्यायचं, तेव्हा पावत्यांना अर्थ होता. पद्धत बदलली, पण जुनी यादी कोणीतरी नव्या यादीला तशीच जोडून दिली असावी, असा माझा समज आहे.

देयक दिलं, पोच घेतली. पावसाळा लागला. मग त्रुटीपत्र आलं.

त्यातला पहिलाच मुद्दा असा: मोजमाप पुस्तिकेतलं परिमाण आणि ट्रॉली नोंदवहीतलं परिमाण जुळत नाही, खुलासा करावा. हा मुद्दा सविस्तर सांगते, कारण आमचा बहुतेक वेळ यातच गेला. शाखा अभियंत्यांनी कामाआधी तलावाच्या पोटाच्या लेव्हल घेतल्या होत्या, काम झाल्यावर पुन्हा घेतल्या. खड्डा किती झाला ते त्यावरून निघतं, बारा हजार घनमीटर. नोंदवहीत मात्र ट्रॉल्या लिहिलेल्या होत्या, पाच हजारांच्या आसपास. आमच्याकडची ट्रॉली साधारण एक ब्रास भरते, एक ब्रास म्हणजे 2.83 घनमीटर. गुणाकार केला की 14 हजारांच्या वर जातं. कागदावर बघणाऱ्याला वाटणार की दोन हजार घनमीटर गाळ गेला कुठे, की आलाच नव्हता?

शेतात काम केलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. शतकानुशतकं पाण्याखाली दबून बसलेली चिकण माती पोकलेनच्या बकेटने उपसली की मोकळी होते, फुगते. खड्ड्यातली पाच घमेली ट्रॉलीत सहा होतात. अभियंत्यांना तर हे पहिल्या वर्षालाच शिकवतात. दोन्ही आकडे खरे होते. फक्त एक खड्ड्याचा होता आणि एक ट्रॉलीचा. ते जुळले असते तरच संशय घ्यायला जागा होती.

मी खुलासा लिहिला. तो आवक झाला, एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला. लेखा शाखेचं म्हणणं पडलं की तांत्रिक शाखेने अभिप्राय द्यावा. तांत्रिक शाखेचं म्हणणं पडलं की मोजमाप आम्ही दिलंच आहे, नोंदवही संस्थेची आहे, जुळवणं संस्थेचं काम. मधल्या काळात कुणीतरी सुचवलं की नोंदवही नव्याने लिहून आणा, बाराच हजार दाखवा, लगेच निकाली निघेल. मी नाही म्हटलं. त्या नोंदवहीच्या प्रत्येक ओळीवर शेतकऱ्याची सही किंवा अंगठा आहे. तो घरची कामं सोडून ट्रॅक्टरसोबत उभा होता आणि त्याने ट्रॉली मोजून सही केली. कागद जुळावा म्हणून ती खरी नोंद खोटी करायची? अशा सल्ल्यांमुळेच पुढे खरोखरचे घोटाळे घडतात, असं मला वाटतं. नको तितका कागद मागितला की प्रामाणिक माणसाचा वेळ जातो, आणि लबाड माणसाला सगळं जुळवून आणायची सवय असतेच.

मशीनवाला भाऊ दर आठवड्याला घरी यायचा. भांडला कधीच नाही. ओसरीत बसायचा, पाणी प्यायचा आणि म्हणायचा, “ताई, डिझेलवाला रोज फोन करून रायला जी. त्याले का सांगू?” माझ्याजवळ सांगायला काही नसायचं. आवक क्रमांक होता, तो लिहून दिला. त्याने तो पंपवाल्याला दाखवला.

मग ऑक्टोबरच्या मध्यात विधानसभेची आचारसंहिता लागली आणि टेबलावरची माणसं निवडणुकीच्या कामाला गेली. त्यात त्यांचा दोष नाही. पण फाईलही त्यांच्यासोबत थांबली.

या सगळ्यात एक बोलणं मला फार उपयोगी पडलं. लेखा शाखेतले एक बाबू, निवृत्तीला आलेले. दुपारचा डबा झाल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, “साहेब, तुम्हाला खरंच वाटतं का आम्ही गाळ काढला नाही?” ते म्हणाले, “मॅडम, मी तुमचा तलाव बघितलाय. माझी सासुरवाडी तिकडंच आहे. पण लेखापरीक्षणवाले चार-पाच वर्षांनी येतात. तेव्हा साहेब बदलून गेलेले असतात, तुम्ही सापडत नाही. सही माझी असते. आक्षेप निघाला की माझी पेन्शन अडकते. म्हणून मी एक कागद जास्तच घेतो.”

तोवर मला वाटायचं की कागद कुणी आकसाने किंवा आळसाने मागतं. त्या दुपारनंतर माझा रोख बदलला. जास्तीचा प्रत्येक कागद कुणाच्या तरी भीतीतून येतो. कधी काळी कुठल्या तरी फाईलवर आक्षेप निघाला, कुणीतरी त्यावर एक नवीन दाखला जोडला, आणि तो दाखला मग सगळ्यांच्या फाईलला लागला. काढून टाकायची हिंमत कुणाची नाही, कारण काढण्यासाठी सही लागते आणि जोडण्यासाठी लागत नाही. तेव्हा ‘कागद कमी करा’ असं नुसतं म्हणून काही होणार नव्हतं. कुठला कागद नसला तरी चालेल, हे वरच्या माणसाच्या सहीने लेखी निघालं तरच खालच्या माणसाला तो सोडता येणार होता.

म्हणून मी एक तक्ता केला. डाव्या बाजूला गोष्ट, उजव्या बाजूला ती कुठे-कुठे सांगावी लागते ते. ‘किती गाळ निघाला’ ही एक गोष्ट. ती मोजमाप पुस्तिका, ॲप, व्हॉट्सॲप, आठवड्याचा तक्ता, पंधरवड्याचं प्रपत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, उपयोगिता प्रमाणपत्र आणि संस्थेचं देयक इतक्या ठिकाणी येते. ‘हा शेतकरी कोण, त्याची जमीन किती’ ही दुसरी गोष्ट. ती सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक, यादी, प्रतिज्ञापत्र आणि ॲपवर. ‘संस्था खरी आहे का’ ही तिसरी. त्यासाठी नोंदणीची प्रत, घटनेची प्रत, धर्मादाय कार्यालयात दिलेला लेखापरीक्षण अहवाल, आयकराचं विवरण, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक. यातला लेखापरीक्षण अहवाल तर आम्ही दरवर्षी धर्मादाय कार्यालयाला देतो, आयकर खात्याला वेगळ्या नमुन्यात देतो, दर्पणवर भरतो, आणि तरी प्रत्येक फाईलला मागच्या तीन वर्षांच्या प्रती पुन्हा लागतात. तक्त्यात मी मत काही लिहिलं नाही. फक्त प्रत्येक कागदासमोर ‘हा कुठल्या शासन निर्णयात किंवा नियमात मागितला आहे’ असा एक रकाना रिकामा ठेवला.

तो रिकामा रकाना भरायला मी शासन निर्णय, त्याची सहपत्रं आणि जिल्ह्याची परिपत्रकं मागवून वाचली. काही कागदांना आधार सापडला. ग्रामसभेचा ठराव, मोजमाप, शेतकऱ्याचा जमिनीचा पुरावा, बँक खातं, उपयोगिता प्रमाणपत्र हे लागणारच, आणि लागावेत. सार्वजनिक पैसा आहे. बऱ्याच कागदांसमोरचा रकाना मात्र रिकामाच राहिला.

प्रतिज्ञापत्राचा आधार शोधताना तर उलटंच सापडलं. 9 मार्च 2015 चा राज्य शासनाचा निर्णय आहे. जिथे कायद्याने किंवा नियमाने शपथपत्र बंधनकारक नाही, तिथे साधं स्वयंघोषणापत्र घ्यावं, आणि साक्षांकित प्रतींऐवजी माणसाने स्वतःच सही केलेल्या प्रती चालाव्यात. आमचे शेतकरी नऊ वर्षांनंतरही नोटरीच्या दारात उभे होते. त्यातच ऑक्टोबर 2024 मध्ये शंभर रुपयांच्या मुद्रांकाच्या जागी किमान 500 झाले. साठ शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं मुद्रांकावर घ्यायची म्हटली तर 30 हजार रुपये, आणि तेही अशा माणसांचे की ज्यांना आपण अल्पभूधारक म्हणून अनुदान देतो आहोत. हे मी तक्त्याखाली लिहिलं. तेवढं एकच वाक्य मताचं होतं.

दुसरं उदाहरण केंद्राच्या अनुदानाचं दिलं. एका वेगळ्या कामासाठी आम्हाला तेही मिळतं. सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017 मध्ये उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना ठरवून दिलाय, 12-ए. आर्थिक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांची मुदतही तिथेच लिहिली आहे. नमुना एक, मुदत एक, बदल नाही. केंद्राचं पोर्टलही सोपं नाही, डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह ऐन वेळी चालत नाही, पण काय द्यायचं हे पहिल्या दिवशी माहीत असतं. मग हिशेबनीस वर्षभर तसाच हिशेब ठेवतो आणि शेवटी धावपळ होत नाही.

हिवाळ्यात जिल्हा पातळीवर बैठक झाली. आमच्यासारख्या तीन-चार संस्था, काही सरपंच, मशीनवाले, अभियंते आणि लेखा शाखा. मी तक्ता पुढे ठेवला. सुरुवातीला वातावरण तापलं. एका अधिकाऱ्यांना वाटलं की आम्ही तपासणीच नको म्हणतोय. तेव्हा आमच्या बाजूने एक सरपंचबाई बोलल्या. त्या म्हणाल्या, “साहेब, तपासायला तलावावर या. रोज या. ट्रॉलीपाशी उभे राहा. आम्हाले आनंद होईल. पण एकच गोष्ट आमच्याकडून सात डाव लिहून घेऊ नका जी.” तिथून बोलणं जागेवर आलं.

बैठकीत एकेका कागदावर चर्चा झाली. देयकासाठी अभियंत्यांचं आधीचं आणि नंतरचं मोजमाप हाच एकमेव आकडा धरायचा, ट्रॉलीची नोंदवही फक्त शेतकऱ्यांत वाटप दाखवायला, आणि वाटपाचा आकडा खड्ड्याच्या मापाच्या प्रमाणात खाली आणायचा, हे अभियंत्यांनीच मांडलं. त्यांनाही आधीच्या हंगामात हाच त्रास झाला होता. रोजचा अहवाल म्हणजे ॲपवरची नोंद, तालुक्याने आणि जिल्ह्याने तिथूनच घ्यावी, हेही मान्य झालं. पंधरवड्याचं प्रपत्र सोडायला जिल्हा तयार नव्हता, कारण वरून ते मागतात. पण ते कार्यालय स्वतः ॲपवरून भरेल, आमच्याकडून घेणार नाही, असं ठरलं. डिझेलच्या पावत्या आणि लॉगशीट गेल्या. प्रतिज्ञापत्राच्या जागी स्वयंघोषणापत्र आलं. संस्थेची कागदपत्रं वर्षातून एकदा जमा करायची, मग त्या वर्षी प्रत्येक फाईलवर फक्त त्याचा आवक क्रमांक टाकायचा.

तीन प्रती मात्र तीनच राहिल्या. छापील फोटोही राहिले. लेखा शाखेने स्पष्ट सांगितलं की कोषागारातून देयक परत येऊ नये म्हणून हे लागतं, आणि त्यावर जिल्ह्याला निर्णय घेता येत नाही. मी फार ताणलं नाही. झेरॉक्सचा खर्च भागतो. माझा आग्रह एकाच गोष्टीवर होता, या सगळ्याचं इतिवृत्त निघालं पाहिजे, त्यावर सही पाहिजे, आणि ते लेखा शाखेच्या फाईलला लागलं पाहिजे. पाच वर्षांनी कुणी विचारलं की डिझेलच्या पावत्या कुठे आहेत, तर त्या बाबूंकडे दाखवायला कागद हवा. ते निवृत्तीला आलेले बाबू बैठकीत एक शब्दही बोलले नव्हते. इतिवृत्ताच्या मसुद्यात मात्र त्यांनी स्वतः एक ओळ घातली: ‘कार्यारंभ आदेशासोबत देयकासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी द्यावी व त्यानंतर नवीन कागदपत्राची मागणी करावयाची झाल्यास ती लेखी, कारणासह करावी.’ माझ्या मते सगळ्या बैठकीतली सगळ्यात कामाची ओळ तीच. कागद किती यापेक्षा तो कधी सांगितला जातो याने जास्त नुकसान होतं. पोकलेन निघून गेल्यावर, तलाव भरल्यावर ‘खणण्याच्या वेळचा त्या कोपऱ्यातला फोटो द्या’ म्हटलं तर तो आणायचा कुठून?

जुनं देयक त्यानंतर सुटलं. अभियंत्यांनी टिपणीत दोन ओळी लिहिल्या, खड्ड्याचं माप आणि ट्रॉलीचं माप यातला फरक माती फुगल्यामुळे आहे आणि देयक मोजमाप पुस्तिकेनुसार आहे. हेच मी पावसाळ्यात खुलाशात लिहिलं होतं. निधी बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, आला मार्चअखेर, दोन टक्के आयकर कापून. आम्ही त्याच दिवशी भाऊचे पैसे त्याच्या खात्यात टाकले, नियमाप्रमाणे एक टक्का कापून. त्या एका टक्क्याचं तिमाही विवरणपत्र, त्याचा दाखला, उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये शुल्क, हे सगळं संस्थेच्या डोक्यावर आहेच. जिल्ह्यातल्या बैठकीने ते हलणार नव्हतं. पण पैसे मिळाले तोवर भाऊचे दोन हप्ते थकले होते आणि त्यावर दंड लागला होता. तो दंड कुठल्याही देयकात बसत नाही. संस्थेच्या सभासदांनी वर्गणी करून त्यातला काही भाग दिला.

2025 च्या उन्हाळ्यात दोन तलाव मिळाले. कार्यारंभ आदेशाच्या मागे एक पान जोडलेलं होतं, कागदपत्रांची यादी. ते पान मी लॅमिनेट करून तलावावरच्या कार्यकर्त्याला दिलं. रोज संध्याकाळी तो ॲपवर नोंद करायचा आणि घरी जायचा. रात्री एक्सेल भरत बसणं बंद झालं. तो वाचलेला वेळ कुठे गेला तेही सांगते. आम्ही प्रत्येक बांधीत जाऊन गाळाचा थर मोजला. कुणाच्या शेतात चार इंच पडलाय, कुणाच्या फूटभर. फूटभर चिकण गाळ एकाच जागी राहिला तर रोवण्याला त्रास होतो, तो पसरवावाच लागतो. हे आधीच्या हंगामात बघायला आम्हाला सवडच नव्हती, आणि खरं तर योजनेचा हेतू तिथेच पूर्ण होतो किंवा फसतो.

त्या हंगामाचं देयक पावसाळ्यातच मंजूर झालं. एक त्रुटी निघाली, एका शेतकऱ्याच्या खात्याचा आयएफएससी क्रमांक बँकेच्या विलीनीकरणामुळे बदलला होता. तेवढीच.

अडून राहिलं ते शेतकऱ्याच्या बाजूचं. पाळीखालच्या एका काकूंची दोन एकर बांधी आहे. विधवा असल्याने त्या अनुदानाला पात्र, पण सातबारा सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन कित्येक वर्षं झाली, नवराही गेला. पहिल्या हंगामात त्यांनी उसनवारी करून ट्रॅक्टर लावला, गाळ टाकला आणि यादीतून नाव कटलं. वारस फेरफारासाठी मृत्यूचे दाखले, वंशावळ, शेजारच्या गावात असलेल्या नणंदांच्या सह्या, मग नोटीस आणि हरकतीचे पंधरा दिवस. एका बाईने मजुरी सोडून हे कसं करायचं? 2025 मध्ये बुलडाणा जिल्ह्यात सुरू झालेली ‘जिवंत सातबारा’ मोहीम एप्रिलपासून राज्यभर आली. तलाठ्याने स्वतः गावातल्या मयत खातेदारांची यादी करायची, वारसांकडून कागद घ्यायचे आणि फेरफार लावायचा. आमच्या गावात चावडीवर यादी वाचली गेली तेव्हा काकूंच्या सासऱ्यांचं नाव त्यात होतं.

फेरफार मंजूर झाला तो आमची यादी जिल्ह्याला गेल्यानंतर. त्यांचं नाव पुरवणी यादीत घ्यावं म्हणून मी पत्र दिलं आहे, पोच घेतली आहे. पुरवणी यादीची तरतूद इतिवृत्तात नव्हती. येत्या बैठकीत हाच विषय पहिला घ्यायचा, आणि पहिल्या हंगामात याच कारणाने कटलेली बाकीची नावंही त्यासोबत ठेवायची, असं आम्ही सरपंचबाईंशी बोलून ठरवलं आहे. त्या नावांची यादी मी केली आहे, प्रत्येकासमोर नवा फेरफार क्रमांक टाकून.